लाल पेन्सिलीची वेळ

मी, बेपत्ता इसमाची पत्नी, वय ४४ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार बंद छापखान्यामागची गल्ली, दुसरा मजला. समक्ष हजर राहून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती (वय ४९), मुलगी (वय १५) आणि अंथरुणाला खिळलेले माझे वडील असे एकत्र राहतो.

माझे पती छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापखाना दोन वर्षांपूर्वी बंद पडला. तेव्हापासून ते घरी मोबाईलवर परकीय चलनाचे सौदे करतात. कोणत्या देशाचा व्याजदर, महागाई किंवा रोजगाराचा आकडा कधी जाहीर होणार, याचे आर्थिक कॅलेंडर मिळते. पती ते दर महिन्याच्या एक तारखेला तिथल्या वेळा आपल्या वेळेत मांडून वहीत उतरवतात. बाजार हलवणाऱ्या बातमीखाली लाल पेन्सिलीने रेघ मारतात. अशा बातमीच्या अर्धा तास आधी सगळे सौदे बंद करायचे, हा त्यांचा नियम. तो त्यांनी कधी मोडला नाही.

माझ्या भावाने नोकरी सुटल्यावर मिळालेली सगळी रक्कम त्यांच्याकडे दिली. पती नको म्हणत होते. भाऊ म्हणाला, "दाजी, तुमच्या नजरेतून काना-मात्रा सुटत नाही. तुमच्यावर नाही तर कुणावर ठेवू विश्वास?"

दिनांक १२, बुधवार रोजी महागाईचा आकडा होता. वहीत वेळ सायंकाळी सात लिहिली होती. त्या देशातली घड्याळे दरवर्षीप्रमाणे उन्हाळ्यासाठी आदल्या रविवारी एक तास पुढे केली होती. त्यामुळे आकडा आपल्याकडे सहालाच, सौदे चालू असतानाच आला. त्या वेळी पती माझ्या वडिलांचे अंग पुसत होते. ते काम रोज तेच करतात. सव्वासहाला हात कोरडे करून त्यांनी मोबाईल पाहिला. खात्यात काही उरले नव्हते. मी शिलाई मशीनवर होते. ते म्हणाले, "एक तास चुकला गं." मी मशीन थांबवले नाही.

गुरुवारी भाऊ आला. तो म्हणाला, "जाऊ दे, दाजी." पती म्हणाले, "शिवी तरी घाल." भाऊ चहा न घेता गेला. मी पतींशी बुधवारपासून एक शब्दही बोलले नव्हते.

शुक्रवारी सकाळी दहाला वडिलांचे औषध आणतो, असे दाराशी सांगून ते गेले. मी मान वर केली नाही. औषधाच्या दुकानात ते पोहोचले नाहीत. धरणाकडच्या बसच्या कंडक्टरने त्यांना फोटोवरून ओळखले. ते शेवटच्या थांब्यावर उतरले, त्यांनी सुट्टे पैसे परत घेतले नाहीत, असे त्याने सांगितले.

तक्रार द्यायला तीन दिवस का लावले, असे साहेबांनी विचारले. राग उतरला की येतील असे वाटले. राग कोणाचा, असे विचारले. माझा.

माझा कोणावर संशय नाही. ते सापडल्यास त्यांना काही निरोप द्यायचा आहे का, असे विचारले. आहे. तो लिहून घेऊ नये.

आज मुलीच्या रक्ताचा नमुना डीएनए जुळवणीसाठी घेतला. कशाशी जुळवणार, हे तिला सांगितलेले नाही.

हा जबाब मला माझ्या भाषेत वाचून दाखवला. त्यात पतींविषयी दोन ठिकाणी 'करत होते' असे लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून 'करतात' असे दुरुस्त केले. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.