मनोहर वाचता वाचता थांबला तो दिवस

बसा मंडळी, माझ्यासाठी उठू नका. तुम्ही सगळ्यांनी मनोहरच्या शोकसभेसाठी लिहून आणलं. मले अक्षर येत नाही, म्हणून कागद हरवायची भीती नाही. पण बोलणं जड जाऊन राहिलं. फोटोतूनही मनोहर असा पाहते, जसा आता म्हणेल, "आजी, पासबुक आणलं का?"

माझा धाकटा पोरगा कन्हानच्या कोळशाच्या खाणीत मेला. भरपाई आली, ती त्याच्या पोराच्या, माझ्या नातवाच्या नावानं बँकेत ठेवली. नातू लहान, म्हणून पालक माझा मोठा पोरगा, नामदेव. मी दर बाजाराच्या दिवशी बँकेत मनोहरच्या खिडकीशी जाऊन पासबुक वाचून घेत होती. मोठ्यानं. मागचे लोक वैतागत. तो म्हणे, "आजी, मागचंच आहे." मी म्हणे, "असू दे गा, पुन्हा वाच."

एक दिवस वाचता वाचता थांबला. गप्पच झाला.

"काहून गा, शाई पुसली का?"

म्हणाला, "आजी, नामदेवनं पोराचे पैसे काढले अन् त्याच दिवशी आपल्या ट्रकच्या कर्जात भरले. दोन्ही कागदांवर शिक्का माझा आहे. मले तवाच विचारायला पाहिजे होतं."

बँकेचे मोठे साहेब म्हणाले, पालकाची सही खरी, बँकेचा काय दोष? सही खरीच होती, साहेब. पण पैसा पोराचा, कर्ज काकाचं, अन् दोन्ही वह्या तुमच्याच. दिसत नव्हतं का? मी विचारलं असतं तर शिपायानं बाहेर काढलं असतं. मनोहरनं मात्र साहेबाले लिहून दिलं, "मला दिसत होतं. मी पाहिलं नाही."

बँकेनं पोराचा पैसा भरून दिला अन् नामदेवच्या मागे लागली. माझाच पोरगा आहे. तरी लागू दे.

त्या लिहून देण्यापायी मनोहरची बढती अडकली. सुमन, त्याची बायको तू, वर्षभर माझ्याशी बोलली नाही. बरोबर होतं वं तुझं. बढती झाली तवा कुठं माझा जीव खाली बसला. मी भिवापूरची जहाल तिखट मिरची नेऊन दिली. म्हणाला, "आजी, ही लाच आहे." म्हटलं, "खाऊन पाह. शिक्षा आहे."

नातू त्याच पैशावर शिकून ओव्हरसियर झाला. म्हणून मी आज रडून नाही राहिली. सुटल्यासारखं वाटते. मनोहर कोणाचं काही दाबून गेला नाही.

आता उभे राहा. त्या दिवशी तो खिडकीत जितका वेळ गप्प होता, तितकाच वेळ गप्प राहू. घड्याळ मले समजत नाही, पण ते किती होतं हे पक्कं आठवते. मी सांगीन तवा बसा.