लाल नकाशा

तुम्ही हसाल, पण अमेरिकेची ती निवडणूक मी जिंकलो आणि तरी पंधरा मिनिटं हरलेला होतो.

लंडनमधल्या ईलिंगच्या आमच्या मराठी मंडळाच्या पत्रिकेत माझं सदर असतं. प्रचारभर मी एकच लिहीत होतो, "लोकांना भाषणं नकोत, स्वस्त किराणा आणि पक्की सीमा हवी. तिकडे उजवेच येणार." संपादक साठे कट्टर डावा. म्हणाला, "हरलास तर सदर बंद." मी म्हटलं, "आणि जिंकलो तर पहिलं पान माझं."

निकालाच्या सकाळी टीव्ही लावला, तर नकाशा लालभडक! तीस वर्षं मी इथे निळ्या उजव्यांना मत देतोय. लाल म्हणजे डावे, हे डोक्यात पक्कं बसलेलं. चहा तसाच ठेवून साठेला फोन लावला.

"साठे, हरलो रे. सदर बंद कर."

साठे अगदी मऊ आवाजात म्हणाला, "असू दे रे. तेवढं ईमेलवर लिहून पाठव."

आणि मी पाठवलं!

तेवढ्यात मुलगी खाली आली. इथेच जन्मलेली. "बाबा, सॅड का आहेस? अमेरिकेत कलर उलटा असतो. रेड तुझी पार्टी आहे. यू वन!"

मी पुन्हा फोन लावला. "साठ्या, तुला माहीत होतं!"

"होतं ना. पण तुझा राजीनामा आता लेखी आहे माझ्याकडे."

"मग छाप की," मी म्हटलं. "पहिल्या पानावर छाप. पान माझंच आहे."