शेरूचा श्रावण

आमच्या बाबांना भूतदया कधी सुचली सांगतो. ऐन श्रावणात. अंजूरला आमच्या घरी महिनाभर मच्छी-मटण बंद, आणि डॉक्टरांनी शेरूला रोज उकडलेलं चिकन सांगितलं, मीठ-मसाला न घालता.

आई म्हणाली, "माझ्या शेगडीवर न्हाय शिजायचं."

"कुत्र्याला कसला श्रावण?" म्हणत बाबांनी घरामागे तीन विटांची चूल मांडली.

महिन्याने डॉक्टरांनी शेरूचं वजन केलं. दोन किलो कमी.

"चिकन देताय ना?"

"रोज अर्धा किलो," बाबा म्हणाले, "स्वतः समोर बसून भरवतो."

आई शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, हे चुलीकडं जाताना रोज कांदा-लिंबू नेतात. कुत्र्याला चालतं काय ते?"