खिडकीवरचं गोत्र

मुलानं पौरोहित्य सोडून नाशिकच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर नोकरी धरली. तो तिथं करतो तरी काय, ते पाहायला त्र्यंबकचे गुरुजी न सांगताच येऊन बाकावर बसले होते. शेजारी हरसूलच्या दोघी बोलत होत्या.

“खिडकीवर नवा माणूस हे. मागल्या खेपेला मला नाव विचारलं, मग गोत्र विचारलं.”

“अगं बया. तू काय सांगितलं?”

“म्हटलं, गोत्राचं माहीत नाय, गुडघा दुखतो.”

“मग?”

“जीभ चावली त्यानं. पण आज बघ, न विचारता माझं नाव, नवऱ्याचं, गावाचं, समदं लिहिलं. इतकी वर्षं इथं मी नुसता नंबर होते.”

“मग त्याचं गोत्र काय गं?”

“वासिष्ठ,” गुरुजी म्हणाले.

“तुम्हाला काय माहीत, बाबा?”

“माझं जे, तेच त्याचं. मुलगा आहे माझा.”