फाट्यावरचा फ्लेक्स

नाय भाऊ, ते ‘अभिनंदन’ काढा — निवड झालेली नाय तिची, उलट संघातून काढलंय. व्हय, मोनालीच. चितेगावची, हॉकीवाली, भारताची गोलकीपर. मी तिची आई. मागं आमच्या गावकऱ्यांनी तुमच्याच दुकानातून तिचा फ्लेक्स नेला होता, आठवतं का? वर सरपंच, मग उपसरपंच, मग मित्रमंडळाची सगळी गॉगल घातलेली पोरं, आणि खाली कोपऱ्यात मोनाली. आणि ती पण मोनाली नव्हती. तुम्हाला काहून दोष देऊ, फोटो त्यांनीच मोबाईलमधून काढून दिला — डोक्यावर हेल्मेट, तोंडापुढं जाळी, पायाला पॅड, म्हणले हीच. ती जर्मनीची गोलकीपर होती. मी बघताक्षणी सरपंचाला सांगितलं, बाबा, ही माझी पोरगी नाय, माझी डाव्या पायावर भार देऊन उभी राहती. तर म्हणतो, मावशी, हेल्मेट घातल्यावर सगळ्या सारख्याच. झालं — हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. मोनाली आली, फाट्यावर उतरली, बघतच राहिली. मग त्याच्याच खाली उभं राहून फोटो काढला आणि त्या जर्मनीच्या पोरीला पाठवला, आमच्या गावात तुझा सत्कार झालाय म्हणून. त्या पोरीनं सरपंचाला थँक्यू कळवलं. त्यानं ते स्टेटसला ठेवलं.

तसलं नकोय मला. — तुम्ही करा तुमचं काम, मी बसते या स्टुलावर, कंपनीत सुट्टी टाकूनच आलेय. पॅकिंगला असते मी. तिचे पहिले पॅड मीच केलेले — पार्सलला लावतात तो फोम असतो ना, त्याचे तुकडे सुपरवायझरला विचारून आणायचे आणि सुतळीनं पायाला बांधायचे. लोक म्हणायचे, पोरगी हाय का पार्सल. शाळेत हॉकी सुरू झाली तर पळायचा कंटाळा म्हणून गोलात जाऊन उभी राहिली — असं ती मुलाखतीत पण सांगती, मी म्हणलं अगं जरा बरं काही सांगत जा. पुढं जिल्हा, राज्य, मग भारत. जपान झालं, अर्जेंटिना झालं, बेल्जियमहून चॉकलेट आणलं ते आम्ही मे महिन्यात चमच्यानं खाल्लं. पण गोलकीपरचं काम लई वंगाळ. दहा जणींना चुकवून बॉल येतो, त्या दहा जणींना कुणी काही म्हणत नाय. अडवला तर अडवायलाच ठेवलीये, आणि सुटला तर हिचाच सुटला. मागच्या महिन्यात तसंच झालं — फायनल बरोबरीत, मग ते शूटआउट, समोरून एकेक जण येऊन मारती. शेवटचा हिच्या पायाखालून गेला. मी जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर बघत होते, सगळ्या बाया भोवती. एक जण म्हणली, अगंबाई, गेला. मी डबा झाकून ठेवला.

लिहायचं काय ते सांगते की, दमा जरा. सरपंचाकडं गेले होते आधी. म्हणला, मावशी, पुन्हा निवड होऊ द्या, चौपट मोठा लावू, आता लावायचा तर कशाबद्दल लावायचा? हरलेल्याचा फ्लेक्स कुठं असतो का? — असतो की. हाच मागं निवडणुकीत पडला तेव्हा ‘मतदारांचे जाहीर आभार’ म्हणून लावलेलाच होता, दिवाळीपर्यंत होता. मी चपला घातल्या अन् निघाले. मोनाली तर गावाकडं यायलाच तयार नव्हती, पुण्याला मैत्रिणीकडं राहते म्हणाली. मी रोज फोन करून बेजार केलं तिला, तेव्हा कुठं म्हणली, ‘आई, मी अंधार पडल्यावर येते. फाट्यावर कुणाला सांगू नको.’ एवढा मुलूख फिरलेली पोरगी, अन् स्वतःच्या गावात चोरावाणी येणार. काय खाणारेत का लोक? ज्याला त्याला आपापलं पडलंय. विचारतात, नाय असं नाय — काय मावशी, सुटला म्हणे बॉल. कडूबा पंक्चरवाला, चहाच्या टपरीवरचे, सगळे तिथंच बसलेले असतात फाट्यावर. म्हणून मी पण हल्ली कंपनीत जाताना मागच्या शेतातल्या वाटेनं — म्हणजे तिकडून सावली असती. जवळ पण पडतं.

नाय, जवळ नाय पडत.

असू द्या ते. हा फोटो घ्या. घरचा हाय, अंगणात पॅड धुवायलीय ती, मीच काढलेला. केस विस्कटलेत तर विस्कटू द्या, तोंड दिसायलंय ना नीट? डावा पाय बघा, कशी उभी हाय. लिहा — ‘मोनाली आली.’ बस, एवढंच. कशाबद्दल म्हणजे? आली त्याबद्दल. चिडंल, मला ठाऊक हाय, लई चिडंल. चिडू द्या, घरात येऊनच चिडंल ना.

खाली शुभेच्छुक कुणी नाय. माझा फोटो? माझा कशाला. ते कोपऱ्यात काळं दिसायलंय ते माझं बोट हाय, काढताना मधी आलंय — नका कापू, राहू द्या. आणि भाऊ, हा साधा फ्लेक्स नको मला. औषधाच्या दुकानावर असतो ना, आतून लाईट लागणारा, तसला बोर्ड करा. वायर कडूबा देणार हाय त्याच्या दुकानातून, सकाळी येताना फाट्यावर उभं राहून मागितलीये मी त्याला, सगळ्यांदेखत. शनिवारपर्यंत द्या, रविवारावर ढकलू नका. निघते, माझी बस जाईल.

लाईट कशाला काय, भाऊ. अंधार पडल्यावर येणार हाय ती.