सगळ्या घंटा एकाच पर्समध्ये

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, रुग्णवाहिका सेवेचे संचालकसाहेब, व्यासपीठावरची इतर मान्यवर मंडळी, फोनवर बसणाऱ्या सगळ्या भगिनी, गाड्यांवरचे चालक बंधू, आणि आजच्या सत्कारमूर्ती, ज्यांना तुम्ही सगळे ताई म्हणता आणि मी घरात काय म्हणतो ते इथे सांगण्यासारखं नाही.

निवेदिकाबाईंनी मला 'सत्कारमूर्तींचे यजमान' म्हणून दोन शब्द बोलायला बोलावलं, त्याबद्दल आभार. माझा धंदा केटरिंगचा. समारंभात माझी जागा मागे, भांड्यांजवळ. आजचं जेवणही माझ्याच माणसांनी केलंय, त्यामुळे भाषण लांबलं तर जेवण गार होईल ही काळजी तुम्ही करू नका. ती मी करतोय.

हिचं काम नेमकं काय, हे मला कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. कोणी विचारलं की मी म्हणायचो, कॉम्प्युटरमध्ये आहे. मग एकदा जेवताना हिने वाट्या मांडून मला समजावलं. शहरात कोणाला काही झालं की इथे फोन येतो. जवळची गाडी कुठली ते शोधायचं, चालकाला सांगायचं, हे सगळं यंत्रं करतात. ती यंत्रं इथे नाहीत, दूर कुठेतरी भाड्याने घेतलेली आहेत, त्यालाच हे लोक क्लाउड म्हणतात. मी विचारलं, "आणि त्यातलं एखादं बंद पडलं तर?" ही म्हणाली, "पडणारच. पडणार नाही असं धरून जो बांधतो, तो वेडा. पडलं तरी बाहेर कोणाला कळता कामा नये, असं बांधायचं."

मग हिने वाट्या एकमेकींपासून लांब सरकवल्या. शहराचे भाग वेगळे, प्रत्येक भागाची यंत्रं वेगळी. एका भागाचं काही बिघडलं, तर त्याचे फोन शेजारच्या भागाने घ्यायचे. फोन भरमसाट आले तर? रांगेत उभे करायचे, एकही टाकून द्यायचा नाही. नकाशा दाखवणारं यंत्र गेलं तर? नकाशा राहू दे, नुसता पत्ता पाठवायचा, पण गाडी निघाली पाहिजे. मला ते चटकन पटलं. शंभर माणसांची तयारी असताना तीनशे आली, हे आमच्या धंद्यात नवीन नाही. तिथेही शेवटचा पदार्थ संपला म्हणून पाहुण्याला दारातून परत पाठवत नाहीत.

सगळ्यात मला आवडली ती एक गोष्ट सांगतो. एक यंत्र दुसऱ्याला काही विचारतं. उत्तर येत नाही. पुन्हा विचारतं, पुन्हा विचारतं. अशी सगळीच विचारत राहिली की आधीच दमलेलं ते यंत्र पार आडवं होतं, आणि विचारणारीही त्याच्याच दारात अडकून पडतात. म्हणून हिने काय केलंय, दोन-तीनदा विचारून उत्तर आलं नाही की विचारणंच बंद. घरातला फ्यूज उडतो ना, तसं. त्याला जरा पडू द्यायचं, आपण दुसरी वाट धरायची, आणि थोड्या वेळाने हळूच एकदा विचारून बघायचं, बरं वाटतंय का. मी म्हटलं, "अगं, यंत्रांशी तू किती मायेने वागतेस. मला सर्दी झाली तर तू ऑफिसातून औषधाचं नाव पाठवतेस."

मागच्या दाराजवळच्या मॅडम उठल्या वाटतं. घ्या, घ्या, बाहेर जाऊन फोन घ्या, मला राग नाही. या तुमच्या छोट्या मॅडम. हिच्यानंतरची सगळी जबाबदारी कागदावर त्यांचीच. हिच्या हाताखाली राहून त्यांचेही केस पिकले, पण नाव अजून छोट्या मॅडमच.

तर मी काय सांगत होतो. प्रत्येक यंत्र थोड्या थोड्या वेळाने कळवत असतं, मी ठीक आहे. पण ही म्हणते, नुसत्या 'ठीक आहे'वर विश्वास ठेवायचा नाही. आतून मोडलेलं यंत्रही 'ठीक आहे' म्हणतं, कारण तेवढं म्हणायला काही लागत नाही. त्याला खरं काम देऊन बघायचं. हे शिकवणारी बाई जिना चढताना मधेच थांबायची आणि मी विचारलं की म्हणायची, "ठीक आहे. चप्पल निसटली."

मघाशी संचालकसाहेबांनी त्या दिवसाची हकिगत फार सुंदर सांगितली. ताई स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेल्या, छातीत कळ, आणि तशातही फोनवरून त्यांनी अडकलेली यंत्रणा मोकळी केली. तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्यात. मी नाही वाजवल्या. मी पहिल्या रांगेत होतो, काही लोकांनी ते पाहिलं असेल.

साहेब, आपली माफी मागून तीच हकिगत मी पुन्हा सांगतो, कारण मी तिथे होतो. ही ओट्याजवळ कोसळली. मी रुग्णवाहिकेला फोन लावला. तो रांगेत गेला, कारण नेमकं त्याच वेळी तुमचं काहीतरी अडकलं होतं. आणि इथल्या सगळ्यांना, काही अडलं की काय करायचं ते ठाऊक आहे. ताईंना फोन. तर जिच्यासाठी गाडी यायची, तिच्याच पर्समध्ये घंटा वाजायला लागली. हिला हात उचलता येत नव्हता. हिने डोळ्यांनी मला सांगितलं, फोन कानाला लाव. मी लावला. ही बोलत होती, "शेजारच्या भागावर वळव," आणि हिच्या कपाळावरचा घाम माझ्या मनगटावर गळत होता. यंत्रणा सुरू झाली, मग आमची गाडी आली.

यात टाळ्या वाजवण्यासारखं काय आहे, हे मला कोणी सांगेल का? मला त्या दिवसापासून झोप नाही. बाजूला हिचा श्वास ऐकत पडून राहतो. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "यांचा जीव तारेवर आहे. झोपमोड नको, धावपळ नको, तो फोन तर मुळीच नको. पुढच्या वेळी माझ्या हातात काही राहीलच असं नाही." मी हिला तसंच सांगितलं. ही म्हणाली, निवृत्तीपर्यंत थांब, त्या दिवशी फोन ऑफिसात जमा करते आणि घरी येते. या एका दिवसावर मी जीव टांगून बसलो होतो.

आणि आज काय झालं? साहेबांनी प्रेमाने जाहीर केलं, ताई निवृत्त होत असल्या तरी मानद सल्लागार राहतील, आणि त्यांचा नंबर बदलणार नाही. तुम्ही पुन्हा टाळ्या वाजवल्यात. मी हिच्याकडे पाहिलं. ही हसली. मानेने हो म्हणाली.

मी साहेबांना दोष देत नाही. छोट्या मॅडमना तर मुळीच नाही, कारण त्यांनी कधी एक निर्णय घ्यायला तोंड उघडलं की ही म्हणायची, "थांब, मी बघते." हिला कोणी धरून ठेवलेलं नाही, हीच सुटत नाही. अगं, तू सगळ्याची जोडी केलीस. प्रत्येक यंत्राला दुसरं यंत्र, प्रत्येक वाटेला दुसरी वाट. आणि सगळ्या घंटा मात्र तुझ्या एकटीच्या पर्समध्ये. तुझी जोडी का नाही केलीस? मी काय करू, कोणाच्या पाया पडू?

बोलायचं राहूनच गेलंय ते आता बोलतो. हिची एक पद्धत तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. अधूनमधून, भर दिवसा, सगळे जागेवर असताना, कोणाला न सांगता ही एक यंत्र मुद्दाम बंद करते. बाकीची तोलून धरतात का ते बघायला. मी एकदा विचारलं, हे काय भलतंच? म्हणाली, "कधीतरी ते पडणारच आहे. मग आपण सगळे इथे असताना मीच पाडलेलं बरं."

मानपत्र घ्यायला व्यासपीठावर येताना हिने पर्स माझ्याकडे दिली. फोन माझ्या कोटाच्या खिशात आहे. तेव्हापासूनच तो बंद आहे. मी बंद केलाय.

बसा, कृपा करून बसा सगळे. साहेब, मला कळतंय मी काय केलंय. ही उठून उभी राहिली आहे, हात पुढे करून. मला हिच्याकडे बघवत नाही. मी हे इतकं लांबण लावून बोलतोय ना, ते माझं लक्ष सगळा वेळ त्या मागच्या दाराकडे होतं म्हणून. छोट्या मॅडम फोन कानाला लावून गेल्या, त्या अजून...

आल्या. या मॅडम, अशा पुढे या. त्यांच्याकडे माईक नाही, त्या काय सांगतात ते मीच सांगतो. दक्षिण भागाची यंत्रं बंद पडली होती. त्यांनी ताईंना लावला. बंद. पुन्हा लावला, पुन्हा लावला. बंद. मग त्यांनी स्वतः त्या भागाचे फोन शेजारी वळवले. आता सगळं सुरू आहे. आणि... हं. सांगा मॅडम, ऐकू दे सगळ्यांना. ताईंना लावत बसण्यात वेळ गेला. एका घरी गाडी उशिरा पोचली.

ही विचारतेय, पेशंट कसा आहे.

मॅडम म्हणतात, दवाखान्यात पोचलाय, डॉक्टरांनी ताब्यात घेतलंय, अजून काही सांगता येत नाही. आणि म्हणतात, "दक्षिणेकडे मी बघतेय. ताई, तुम्ही बसा."

इतक्या वर्षांत हिला 'बसा' म्हणालेलं मी तरी कोणाला ऐकलं नाही. बसली. हात मांडीवर घेतलेत. रडतेय. ते सुटल्याचं रडणं आहे की माझ्यावरचा राग, हे मला घरी गेल्यावरच कळेल, आणि ती माझ्याबरोबर घरी येते का तेही तेव्हाच कळेल.

अध्यक्षमहाराज, हा फोन मी तुमच्यासमोर टेबलावर ठेवतो. तो तुमच्या संस्थेचा आहे. कोणाच्या हातात द्यायचा ते तुम्ही ठरवा, फक्त एका माणसाच्या हातात देऊ नका. तुम्ही सगळ्यांनी हिला जीव लावलात, आज एवढा मान दिलात, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे.

बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर ते तुम्ही पोटात घालाल, मोठ्या मनाची माणसं आहात. पण आज या शहरात एका घरात कोणीतरी आपल्या माणसाचा हात धरून गाडीची वाट बघत बसलं होतं, आणि गाडी येत नव्हती. मला ते बसणं माहीत आहे. त्यांची माफी या माईकवरून मागता येत नाही. मॅडम, मला त्या दवाखान्याचं नाव द्या. जेवण माझी माणसं वाढतील, मी आधी तिकडे जातो.