माहितगार क्रमांक चार

बाइंडिंगच्या दुकानात माझ्यापुढे सासू-सून होत्या. सुनेचा मानवशास्त्राच्या एम.ए.चा प्रबंध सासूबाई उभ्या उभ्या वाचत होत्या.

“हे गं काय? ‘माहितगार क्रमांक चार म्हणतात, माझी सून लाखात एक आहे.’ ही मीच ना?”

“नाव कुठे दिलंय, आई?”

“मुलाखतीत मी बजावलं होतं, हे सुनेला कळता कामा नये.”

“नाहीच कळलं. ते मी संशोधक म्हणून ऐकलं.”

“आणि सुनेला?”

“तिला पत्ताच नाही. गोपनीयता पाळावीच लागते, नाहीतर पदवी मिळत नाही.”

“तरी काढ ते. डोक्यावर बसेल ती. मग तिला कुकर लाव म्हणून सांगायचं कुणी?”

“काढलं तर अख्खं तिसरं प्रकरण कोसळेल. सर नापास करतील.”

“माझ्या एका वाक्यावरून?”

“बाकीच्या सासवांनी नुसत्या तक्रारी केल्यात हो.”

“बरं, राहू दे मग. पण तिला दाखवू नकोस.”

“नाही दाखवत.”

दुकानदाराने प्रती किती करायच्या ते विचारलं, तशा सासूबाईच पुढे सरकल्या.

“तीन करा. एक हिच्या आईला पाठवायचीय. पण हिला सांगू नका.”